ढालीवरची पट्टी

आमच्या भागातल्या कॉलेजांच्या मुलींच्या बास्केटबॉल स्पर्धेत पहिला नंबर कुणाचा, हे विचारायची पद्धत नव्हती. संघ घेऊन कोल्हापुरात उतरलं की आम्ही जिमखान्याचे सर लोक चहाच्या गाड्यावर एकमेकांना विचारायचो, "काय सर, यंदा दुसरा कोण?" मी गारगोटीच्या बाजूच्या एका लहान कॉलेजात खेळ शिकवतो. खरं सांगायचं तर बरीच वर्षं दुसरं यायचीही माझी ऐपत नव्हती. पहिला नंबर अक्कांचा, आणि त्यावर बोलण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

अक्का म्हणजे पद्मा माणगावे. कोल्हापुरातल्या एका मुलींच्या कॉलेजच्या जिमखाना प्रमुख. मूळच्या कोडोलीकडच्या, जैन शेतकरी घरातल्या. त्यांच्या खेळाडू त्यांना मॅडम म्हणायच्या. बाकी रेफ्रीपासून पाण्याचा जग आणणाऱ्या शिपायापर्यंत सगळ्यांच्या त्या अक्का. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. शिट्टी गळ्यात न घालता काळ्या दोऱ्यानं मनगटाला बांधलेली. स्कूटीच्या पुढच्या हुकाला बॉलची जाळी आणि मागच्या डिकीत स्टीलचा डबा. हा डबा फार महत्त्वाचा. अक्का दिवस मावळायच्या आत जेवायच्या, मावळल्यावर अन्नाला हात लावायच्या नाहीत. सामना रंगात आलेला असो, अध्यक्ष भाषणाला उभे असोत, सूर्य बोर्डाच्या खाली आला की अक्का बाकाच्या कोपऱ्यावर बसून भाकरी खात. एकदा टाइम-आउटमध्ये त्यांनी हातातल्या भाकरीच्या तुकड्यानंच पोरींना बचाव समजावून सांगितला होता, आणि मग तो तुकडा खाल्लाही होता.

त्यांचा दुसरा नेम म्हणजे झाडू. दुसऱ्याच्या गावात सामना असला तरी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्या आणि त्यांच्या पोरी खराट्यानं कोर्ट झाडायच्या. सिमेंटचं असो वा मुरमाचं. "जिथं पडायचं ती जागा आपल्या हातानं झाडावी," म्हणायच्या. शिकवायचं त्यांचं मुख्य वाक्य मात्र तीन शब्दांचं होतं. "बघ, मग टाक." पास असो की रिंगमधला बॉल, आधी बघायचं. न बघता टाकलेला बॉल चुकून रिंगमध्ये गेला तर ती पोरगी कोर्टाला दोन फेऱ्या मारायची. गेला म्हणून कौतुक नाही, बघितलं नाही म्हणून शिक्षा.

आता त्यांचा संघ एवढा जिंकायचा का, तर नुसत्या झाडूनं नव्हे, हेही सांगायला हवं. त्यांच्याकडं सिमेंटचं कोर्ट, हॉस्टेल, खेळाडूंना फी माफ. जिल्ह्यात कुठं चांगली उंच पोरगी दिसली की बारावीनंतर तिचा बाप तिला घेऊन अक्कांच्या दारात. आमच्याकडं मुरमाचं मैदान, त्यातही एका रिंगला जाळी नाही. मी एखादी पोरगी दोन वर्षं घासून तयार करावी आणि तिसऱ्या वर्षी ती अक्कांच्या जर्सीत समोर उभी राहावी, असं माझ्या बाबतीत तीनदा झालं. त्या वेळी मला अक्कांचा राग यायचा. वर त्या भेटल्या की "बस मिळाली का वेळेवर? पोरींनी खाल्लं का?" असं विचारायच्या, त्यामुळं राग धड धरताही यायचा नाही.

अक्कांचा संघ वीस गुणांनी पुढं गेला की त्यांच्या पोरी एक गंमत करायच्या. सगळ्याजणी डाव्या हातानं खेळायला लागायच्या. पास डावा, बॉल टाकायचा तोही डावा. आमच्या लक्षात यायला दोन वर्षं गेली. लक्षात आलं ते आमच्या एका पोरीच्या. सामना संपल्यावर ती बाकावर बसून रडायला लागली.

"सर, हरल्याचं काय न्हाय. त्या डाव्या हातानं टाकाल्यात."

मी तणतणत अक्कांकडं गेलो. म्हटलं, "अक्का, आम्ही हरतो ते ठीक हाय. आमची दया कशाला करताय?"

अक्का जाळीत बॉल भरत होत्या. "मग काय करू सर? शंभर करू?" त्यांनी मान वर केली. "आणि दया मी कुठं करतो? माझ्या पोरींचा डावा हात कच्चा हाय, तो पक्का करून घेतो."

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'करतो, जातो' असंच बोलतात. अक्का तर प्राचार्यांसमोरही तसंच बोलायच्या. त्यांचं उत्तर मला पटलं नाही, पण खोडताही आलं नाही. पुढच्या वर्षी डावा हात बंद झाला आणि आम्ही दुपटीनं जास्त फरकानं हरलो. माझ्या मागण्या मान्य झाल्या की हे असं होतं.

त्यानंतर जे झालं ते मी आजवर कॉलेजात कुणाला सांगितलेलं नाही. त्या वर्षी स्पर्धा भरवायची पाळी आमची होती. विजेत्याला लाकडी ढाल मिळते, फिरती. तिच्यावर दर वर्षी जिंकलेल्या कॉलेजच्या नावाची पितळी पट्टी दोन स्क्रूंनी बसवायची. वर्ष घालायची पद्धत नाही, नुसतं नाव. एकाखाली एक, एकाखाली एक, सगळ्या पट्ट्यांवर अक्कांचंच कॉलेज. पट्टी करून बसवायचं काम स्पर्धा भरवणाऱ्याचं. मी आदल्या आठवड्यात कामासाठी कोल्हापूरला गेलो होतो. म्हटलं, पुन्हा कशाला खेप? गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, ओळखीचा कोरणारा आहे, त्याच्याकडून पट्टी कोरून घेतली आणि घरी बसून ढालीवर लावूनही टाकली. अक्कांच्या कॉलेजच्या नावाची. त्यात आपण काही विशेष करतोय असं मला एकदाही वाटलं नाही.

आणि नेमक्या त्या वर्षी आमच्या पोरी फायनलला आल्या. तीन कॉलेजांनी संघच पाठवले नव्हते, त्यामुळं आल्या, पण आल्या खऱ्या.

फायनलच्या सकाळी मी मैदानावर पोचलो तर झाडून झालं होतं आणि अक्का बक्षिसांच्या टेबलाजवळ उभ्या होत्या. ढालीवरचं फडकं त्यांनी बाजूला केलं होतं.

"सर, ही कवा बसवली?"

मी म्हणालो, "परवाच. खेप वाचली."

त्यांनी स्क्रूवरून अंगठा फिरवला. मग विचारलं, "स्क्रू ड्रायव्हर हाय?"

माझ्या टूलबॉक्समधला दिला. अक्कांनी दोन्ही स्क्रू काढले, पट्टी काढली, रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली. पाठोपाठ माझा स्क्रू ड्रायव्हरही टाकला.

मी जरा हसत म्हणालो, "अक्का, जिंकणार तर तुमीच की."

"ते माझ्या पोरींनी म्हणावं. तुमी म्हणायचं न्हाय." त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळं जास्त लागलं. "तुमच्या पोरी तिकडं आत बूट बांधाल्यात. त्यातल्या एकीनं ही बघितली असती तर? परत कवा बॉल हातात धरला असता तिनं?"

मला जमिनीत जावंसं वाटलं. माझ्याच पोरी फायनलला, आणि मी त्यांच्या पराभवाला आधीच स्क्रू मारून ठेवले होते.

सामना व्हायचा तसा झाला. बक्षीस समारंभात ढालीवर एक जागा रिकामी दिसत होती. प्रमुख पाहुण्यांनी विचारलंही. अक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे मोकळी. पट्टी हाय माझ्याकडं." त्या वर्षीची जागा मोकळीच राहिली. पुढच्या पट्ट्या तिच्या खाली लागत गेल्या.

पुढच्या वर्षी मी संघाचं नाव दिलं नाही. पोरी म्हणाल्या, नको सर, आणि मीही जोर केला नाही. आणखी दोन कॉलेजं गळली. नियम असा की चार संघ नसतील तर स्पर्धा होत नाही, आणि नावं आली होती तीन. जिमखान्याच्या सरांची बैठक बसली. मुलींचं बास्केटबॉल कायमचंच बंद करावं, पैसे आणि वेळ दोन्ही वाचतील, असा सूर निघाला. मग एक ज्येष्ठ सर घसा साफ करत म्हणाले, "अक्का, रागावू नका. तुमीच एक-दोन वर्षं संघ उतरवला न्हाय तर? बाकीच्यांना जरा हुरूप येईल."

आम्ही सगळे टेबलाकडं बघत बसलो. कारण मनातून आम्हा प्रत्येकाला हेच हवं होतं.

"माझ्या पोरी पहाटे साडेपाचला कोर्ट झाडतात," अक्का म्हणाल्या. "त्यास्नी काय सांगू मी? तुमी चांगल्या खेळताय, म्हणून घरात बसा?"

अक्कांनी नावांचा कागद आपल्याकडं ओढला.

"चार संघ पायजेत न्हवं? चौथा मी आणतो." आणि त्यांनी सरळ माझ्याकडं बघितलं.

त्या वर्षी आम्ही खेळलो आणि सडकून हरलो, पण स्पर्धा झाली. आणि पुढच्याच रविवारी सकाळी आमच्या मैदानाच्या फाटकात अक्कांची स्कूटी उभी. बॉलची जाळी, खराटा आणि डबा. मग दर रविवारी. सुट्टीचा दिवस, घरी नवरा आणि सासूबाई, आणि ही बाई पन्नास किलोमीटर येऊन दुसऱ्याच्या पोरींना शिकवणार. मी पेट्रोलचं विचारलं तर म्हणाल्या, "त्यापेक्षा त्या रिंगला जाळी लावा."

पहिले तीन रविवार त्यांनी पोरींना रिंगमध्ये बॉल टाकूच दिला नाही. नुसतं ओरडायला लावलं. आमच्या पोरी कोर्टवर तोंड उघडायच्या नाहीत, मोकळी उभी असली तरी बॉल मागायच्या नाहीत. अक्का एका टोकाला उभ्या राहून दुसऱ्या टोकाच्या पोरीला नाव घेऊन हाक मारायला लावायच्या.

"घरात म्हसरं हाकताना शिवारभर आवाज जातोय, आणि हितं काय झालंय? बॉल माग की. बॉल मागायला लाजणाऱ्या पोरीला जन्मात कोण काय देणार न्हाय."

आमचे प्राचार्य मैदानाशेजारच्या घरातून बाहेर येऊन बघून गेले, काय भांडण लागलंय म्हणून.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये अक्कांचा फोन आला. "सर, एक पोरगी पाठवतो. राधानगरीकडची हाय, रेश्मा म्हणून. उंच हाय, रागीट हाय. माझ्यावर चिडलेली हाय. तसंच ऱ्हाऊ द्या."

रेश्मा वडिलांबरोबर अक्कांच्या निवड चाचणीला गेली होती. सगळ्यांत चांगली खेळली. आणि अक्कांनी तिला सांगितलं, तू माझ्याकडं नको, गारगोटीकडं जा. कारण तोंडावर सांगितलं होतं, माझ्याकडं तू दोन वर्षं बाकावर बसशील, तिथं चाळीस मिनिटं खेळशील. पण अठरा वर्षांच्या पोरीला त्यातलं एवढंच ऐकू आलं, की मला नको म्हणाल्या. पुढं दर रविवारी ती अक्कांचं प्रत्येक सांगणं चोख करायची आणि त्यांच्याशी एक शब्द बोलायची नाही. अक्का विचारायच्या, ती मान हलवायची. मी मध्ये पडायला गेलो तर अक्का म्हणाल्या, "तुमी गप बसा. राग बी खेळायच्या कामाला येतो."

हे प्रकरण अक्कांना जड गेलं. हातातली पोरगी घालवली म्हणून त्यांच्या प्राचार्यांनी लेखी खुलासा मागवला. कॉलेजचं नाव त्या ढालीवर होतं, प्राचार्यांचं रागावणंही समजण्यासारखं होतं. अक्कांनी सगळ्या नोकरीत असला कागद कधी घेतला नव्हता. मला सांगताना त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"काय लिहिलासा मग?" मी विचारलं.

"एकच ओळ. सामन्याला दोन संघ लागतात."

पुढची शिक्षा काही झाली नाही, पण हॉस्टेलचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं. रविवार मात्र चुकला नाही.

रेश्मा तिसऱ्या वर्षाला आली ते अक्कांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष. स्पर्धा त्यांच्याच कॉलेजात होती. संघ सात आले होते, आणि चहाच्या गाड्यावर कुणीतरी चक्क विचारलं, "यंदा पहिला कोण?" फायनलला आम्ही आणि अक्का. सकाळी त्या झाडायला आल्या तर आमच्या पोरी आधीच खराटे घेऊन अर्धं कोर्ट झाडून बसलेल्या. अक्का माझ्याजवळ आल्या.

"सर, आज एक गुण बी सोडणार न्हाय मी. पोरीस्नी सांगून ठेवा."

"सोडू नका अक्का."

आणि त्यांनी सोडला नाही. अर्ध्या वेळेला आम्ही नऊ गुणांनी मागं. शेवटच्या क्वार्टरला फरक एकावर आला तशा अक्का बाकावरून उठल्या त्या बसल्याच नाहीत. शेवटचं अर्धं मिनिट उरलं होतं आणि बॉल रेश्माकडं होता. अक्कांनी दोन वर्षं तिला शिकवलेलं, तिचं काय कच्चं आहे ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत? त्यांनी दोन पोरी तिच्या अंगावर घातल्या आणि ओरडल्या, "उजवीकडनं धरा. तिला डावं येत न्हाय."

रेश्मा उजवीकडं झुकली, थांबली, रिंगकडं बघितलं आणि डावीकडून निघून डाव्या हातानं बॉल टाकला. तो गेला. मलाही माहीत नव्हतं की तिला डावं येतं. शिट्टी वाजली आणि आम्ही एका गुणानं जिंकलो. मी रडलो, हे लपवत नाही. पोरी एकमेकींच्या अंगावर पडल्या होत्या आणि मी मात्र अक्कांकडं बघत होतो.

अक्कांनी आमच्या सगळ्या पोरींच्या हातात हात दिला. मग आपला संघ कोपऱ्यात नेला आणि अर्धा तास त्यांची हजेरी घेतली. "सात फ्री थ्रो सोडल्या. सात. एका गुणानं हरलाय," एवढं मला ऐकू आलं. अक्का परत आल्या तेव्हा चेहरा लाल होता. खुर्चीवर बसून डबा उघडला, पश्चिमेकडं बघितलं आणि झाकण परत लावलं. दिवस मावळला होता.

रेश्मा पाया पडायला आली. अक्कांनी विचारलं, "डावा हात कुणी शिकवला?"

"कुणी न्हाय. गोठ्याच्या भिंतीवर मारत हुतो."

"कवापासनं?"

"तुमी परत पाठवल्यापासनं."

अक्कांनी तिच्याकडं बघितलं, मग डबा तिच्या हातात दिला. "घे, खा. सकाळपासनं काय खाल्लं नसशील." रेश्मा तिथंच पायरीवर बसली आणि खाऊ लागली. दोघींचं दोन वर्षांतलं एवढंच बोलणं.

मी ढाल घ्यायला टेबलाशी गेलो. खालपर्यंत पट्ट्या भरल्या होत्या, एकच जागा उरली होती. मधली, दोन भोकांची, माझ्या मूर्खपणाची. अक्का मागून आल्या. पर्समधून रुमाल काढला आणि उलगडून टेबलावर ठेवला. आत ती पट्टी होती, आणि माझा स्क्रू ड्रायव्हर.

"ह्यो तुमचा. लई दिवस ऱ्हायला माझ्याकडं."

"आणि पट्टी?"

त्यांनी ती उलटी केली. पाठ कोरी होती, घासूनपुसून चकचकीत केलेली. "गुजरीत तुमचा माणूस हाय न्हवं? हिच्या पाठीवर तुमच्या कॉलेजचं नाव घालून घ्या, आणि हितंच बसवा. भोकं बी जुळतील."

मला एवढंच म्हणता आलं, "अक्का, लागलं का तुमाला आज?"

"लागलं की. कसं न लागंल?" त्या म्हणाल्या. "लई वर्षांनी लागलं."

आणि त्या कोर्टकडं निघून गेल्या. मी पट्टी रुमालात गुंडाळली, पोरींना गोळा केलं, ढाल बसमध्ये नीट ठेवली. बस निघताना खिडकीतून कोर्ट दिसलं. अक्का महिन्याच्या अखेरीला रिटायर होणार होत्या, पुढच्या वर्षी हा संघ दुसऱ्याच कुणाचा तरी असणार होता. तरी त्यांच्या पोरी फ्री थ्रोच्या रेषेवर रांगेत उभ्या होत्या आणि अक्का रिंगखाली उभ्या राहून बॉल परत फेकत होत्या. अंधारात रिंग नीट दिसतही नव्हती. त्यांचा आवाज तेवढा रस्त्यापर्यंत येत होता. "बघ, मग टाक."